आधी गाव, मग मंडळी

न्यू इंग्लंडच्या इतिहासाबद्दल एक समजूत फार खोल रुजलेली आहे. इंग्लंडमध्ये राजाच्या आणि बिशपांच्या जाचाला कंटाळलेली प्युरिटन कुटुंबे आपापल्या पाळकामागोमाग जहाजात बसली, समुद्रापलीकडच्या रानात उतरली, तिथे त्यांनी आधी देवाची मंडळी स्थापन केली आणि मग तिच्याभोवती गाव वसवले, अशी ती समजूत. काही गावांच्या बाबतीत ती खरीही आहे. डॉर्चेस्टरची मंडळी १६३० मध्ये, जहाज सुटण्यापूर्वीच, इंग्लंडमधल्या प्लिमथ बंदरात स्थापन झाली होती. थॉमस हुकर १६३६ मध्ये सुमारे शंभर माणसे आणि १६० गुरे घेऊन कनेक्टिकट नदीकडे निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक आधीच एकत्र आलेली मंडळी चालत होती. पण बॉस्टनच्या नैर्ऋत्येला दहा मैलांवर, चार्ल्स नदीकाठच्या डेडम गावाचे दप्तर उघडले की क्रम उलटा दिसतो. गावाला मान्यता मिळाली सप्टेंबर १६३६ मध्ये. मंडळी स्थापन झाली ८ नोव्हेंबर १६३८ रोजी. या दोन तारखांमधल्या सव्वादोन वर्षांत गावाने करार लिहिला, जमीन वाटली, सभागृह बांधायचे ठरवले. माझे म्हणणे असे आहे की ही दिरंगाई नव्हती आणि योगायोगही नव्हता. डेडमला जी एकी आणि जी शांतता पुढे दोन पिढ्या लाभली, तिचा पाया चर्चने घातलेला नाही. तो जमिनीच्या वाटणीने, लेखी कराराने आणि तंटे मिटवण्याच्या ठरलेल्या रीतीने घातला. चर्च त्या पायावर उभे राहिले, आणि पाया पक्का होता म्हणूनच त्याला इतक्या सावकाश, इतक्या निगुतीने उभे राहता आले.

हे पटण्यासाठी आधी तिथे आले कोण हे पाहायला हवे. ती एका खेड्यातली, एका पाळकाच्या हाताखाली वाढलेली माणसे नव्हती. कोणी यॉर्कशायरचे, कोणी नॉर्फकचे, कोणी सफकचे. बोली वेगळी, शेतीच्या रीती वेगळ्या. पुढे गावचे पाळक झालेल्या जॉन ॲलिन यांनी मंडळीच्या स्थापनेची हकिकत स्वतः लिहून ठेवली आहे. तिच्या सुरुवातीलाच ते नोंदवतात की जमलेली माणसे इंग्लंडच्या निरनिराळ्या भागांतून आलेली होती आणि त्यांतल्या फारच थोड्यांची एकमेकांशी आधीची ओळख होती. शिवाय ॲलिन आणि त्यांच्यासारखेच केंब्रिजला शिकलेले राल्फ व्हीलॉक हे दोघेही १६३७ मध्ये आले, म्हणजे गाव मंजूर होऊन गेल्यावर. ज्या वसाहतीच्या पहिल्या बैठकांना पाळकच हजर नव्हता, तिला पाळकामागोमाग आलेला कळप म्हणता येणार नाही. वसाहतीच्या जनरल कोर्टाने, म्हणजे तिच्या कायदेमंडळाने, त्यांना दिलेला मुलूख मात्र अफाट होता: सुमारे दोनशे चौरस मैल. त्यावर सुरुवातीला घरे होती तीस कुटुंबांची. गावकऱ्यांनी नाव सुचवले होते ‘समाधान’ या अर्थाचे. कोर्टाने इंग्लंडमधल्या एका गावाचे नाव देऊन टाकले.

अशा अनोळखी माणसांनी पहिल्याच वर्षी एक करारनामा केला. त्याची कलमे पाच आहेत. पहिल्यात, देवाचे भय बाळगून परस्परप्रेमाने वागण्याची शपथ आहे. दुसऱ्यात, जे विरुद्ध मताचे असतील त्यांना दूर ठेवायचे आणि आपल्याशी एकदिलाने वागण्याचा संभव असेल त्यांनाच घ्यायचे असे ठरले आहे. तिसरे कलम सांगते की दोघांत वाद झालाच, तर तो गावातल्याच मोजक्या माणसांपुढे ठेवून लगेच मिटवावा. चौथ्यानुसार ज्याला गावात जमीन मिळेल त्याने खर्चाचा आपला हिस्सा भरायचा आणि गावसभेचे सर्व नियम पाळायचे. पाचवे कलम सह्यांचे, आणि त्या सह्या वारसांनाही बांधील करणाऱ्या. पुढच्या वर्षांत मिळून १२५ पुरुषांनी त्याखाली सह्या केल्या.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. देवाच्या नावाने सुरू होणारा, शाश्वत प्रेमाची भाषा करणारा हा कागद धार्मिक नव्हे तर काय? त्या माणसांच्या मनात धर्म आणि व्यवहार असे दोन कप्पे नव्हते, हे मलाही मान्य आहे. पण भाषा कोणती यापेक्षा कागद कोणाला बांधतो आणि कशाच्या बदल्यात बांधतो, हे पाहिले पाहिजे. सही करणाऱ्याला कोणी विश्वासाची साक्ष मागितली नाही. तुला कृपेचा अनुभव आला आहे का, असे विचारले नाही. भांडकुदळ नको, नियम पाळणारा हवा, खर्चाचा वाटा उचलणारा हवा, एवढेच विचारले. आणि त्याच्या मोबदल्यात जमीन दिली. तिसरे कलम तर मला या सगळ्या दस्तऐवजाचे मर्म वाटते. प्रेमाची शपथ घेणाऱ्यांनी लगेच दोनच ओळींनंतर भांडणाची व्यवस्था लावून ठेवली आहे. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या चांगुलपणावर विसंबायचे नाही, पण चांगुलपणाला वाव राहील अशी तजवीज करायची, हा हिशेबीपणा त्यात आहे, आणि तो मला थोर वाटतो.

जमिनीच्या वाटणीतही तोच हिशेब दिसतो. घरासाठी विवाहित पुरुषाला १२ एकर, अविवाहिताला ८. पुढच्या वाटपांसाठी निकष ठरले ते असे: घरात माणसे किती, मालमत्ता किती, माणसाची प्रतिष्ठा आणि योग्यता काय, चर्चला किंवा राज्याला त्याचा उपयोग किती, आणि हातात एखादा उपयोगी धंदा असेल तर त्याला साधनसामग्री मिळाली की नाही. हे समान वाटप नव्हते. मोठ्याला मोठा वाटा होताच. पण घाई नव्हती. दोनशे चौरस मैल म्हणजे सव्वा लाखाहून अधिक एकर हाताशी असताना पहिल्या वीस वर्षांत गावाने वाटली ती जेमतेम तीन हजार एकर. बाकीची सामाईक राहिली. जो लांब रानात जाऊन एकटाच राहील तो गावसभेला येणार नाही, कुंपण राखणार नाही, वाद झाला तर मध्यस्थांपुढे उभा राहणार नाही, हे त्यांना कळत होते. वसाहतीच्या कोर्टाने १६३५ मध्ये नियमच केला होता की नव्या गावात सभागृहापासून अर्ध्या मैलापलीकडे घर बांधायचे नाही. या नियमाचा दाखला देऊन कोणी म्हणेल, बघा, गावाचा मध्यबिंदू प्रार्थनेची जागाच होती. होती, पण ती जागा बांधली कोणी? डेडमच्या गावसभेने १६३८ च्या जानेवारीत ३६ फूट लांब, २० फूट रुंद, १२ फूट उंच अशी इमारत उभारायचे ठरवले, तेव्हा त्या गावात मंडळी अस्तित्वातच नव्हती. इमारत गावाची, खर्च गावाचा. तिथे रविवारी उपदेश व्हायचा आणि इतर दिवशी कुंपणाच्या व डुकरांच्या तक्रारी ऐकल्या जायच्या. मंडळी जन्माला आली ती दहा महिन्यांनी.

ती कशी जन्माला आली, ते ॲलिन यांच्या टिपणात इतके बारकाईने आले आहे की सतराव्या शतकातल्या फारच थोड्या गावांबद्दल आपल्याला एवढे ठाऊक आहे. १६३७ च्या अखेरीस गावकऱ्यांनी दर गुरुवारी पाळीपाळीने एकेका घरी जमायला सुरुवात केली. हेतू उघड होता: आधी एकमेकांची ओळख, मग मंडळीची गोष्ट. पुढच्या बैठकीचा प्रश्न आधीच्या बैठकीत ठरायचा, म्हणजे आठवडाभर विचार करायला वेळ मिळे. ज्याचे घर असेल तो प्रथम बोलायचा, मग ज्याला वाटेल तो. शंका विचारायला मुभा होती, हरकत घ्यायलाही मुभा होती. अट एवढीच की बोलणे नम्रपणे, शिकण्याच्या इच्छेने व्हावे, वाद घालण्याच्या हौसेने नव्हे. प्रश्नांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. अजून मंडळी नसलेल्या माणसांनी एकत्र प्रार्थना करावी का, इथून सुरुवात. मग अशा माणसांची परस्परांबद्दल कर्तव्ये काय, आणि त्याही पलीकडे मंडळी म्हणजे काय, ती कोणत्या माणसांची बनते, तिचा अधिकार कुठून येतो. एक अख्खा हिवाळा बर्फातून चालत जाऊन या माणसांनी परक्या घरांच्या चुलीपुढे बसून हा अभ्यास केला. दिवसभर झाडे तोडणाऱ्या, दलदल उपसणाऱ्या माणसांची ही चिकाटी वाचताना मन भरून येते.

त्यानंतर आली कसोटी. ॲलिन आणि व्हीलॉक यांनी पुढाकार घेऊन मंडळीचे आधारस्तंभ होण्याजोगी माणसे हेरली. एकेकाने बाकीच्यांपुढे आपल्या अंतःकरणाची हकिकत सांगायची: पापाची जाणीव कशी झाली, कृपेचा स्पर्श कधी जाणवला. मग तो बाहेर थांबे आणि इतर त्याच्याविषयी बोलत. गावातल्या कोणाला त्याच्याबद्दल काही सांगायचे असेल तर तेही ऐकले जाई. यात काही माणसे गळाली. थॉमस मोर्स यांची साक्ष अस्पष्ट वाटली. अँथनी फिशर यांचे बोलणे उतावळे आणि स्वतःबद्दलच्या फाजील भरवशाचे ठरले. जोसेफ किंग्जबरी ऐहिक गोष्टींत गुंतलेले आणि ताठर आहेत, असा निर्णय झाला. याच किंग्जबरींच्या वाट्यातून गावाने दफनभूमीसाठी जमीन घेतली होती. गावाच्या दृष्टीने ते पहिल्या फळीतले, भरवशाचे गावकरी. मंडळीच्या दृष्टीने अजून उंबऱ्याबाहेरचे. अखेरीस आठ जण उरले: ॲलिन, व्हीलॉक, एलिएझर लशर, जॉन हंटिंग, रॉबर्ट हिन्सडेल आणि आणखी तिघे. तीस कुटुंबांतून आठ पुरुष. त्यांनी आसपासच्या मंडळ्यांना आणि वसाहतीच्या अधिकाऱ्यांना पत्रे धाडली. अधिकाऱ्यांनी कायद्यावर बोट ठेवले, कारण १६३६ पासून त्यांना व इतर मंडळ्यांना कळवल्याशिवाय नवी मंडळी स्थापन करता येत नसे. ॲन हचिन्सन यांच्या धर्ममतांवरून पेटलेल्या वादाने बॉस्टनची मंडळी नुकतीच दुभंगली होती, त्यामुळे सगळेच सावध होते. डेडमच्या माणसांनी आपल्या स्वातंत्र्यावर हे अतिक्रमण तर नाही ना, अशी शंका उघडपणे विचारली, खुलासा मिळवला, आणि मगच ८ नोव्हेंबरला इतर मंडळ्यांच्या प्रतिनिधींसमोर करार करून मंडळी स्थापन केली. ॲलिन यांची पाळक म्हणून दीक्षा झाली ती तर २४ एप्रिल १६३९ ला.

त्या दीक्षेच्या महिनाभर आधी, २५ मार्च १६३९ रोजी, गावसभेने एक वेगळाच ठराव केला होता. गावाला पिठाची गिरणी हवी होती, पण चार्ल्स नदी डेडमजवळ संथ. तिच्या पाण्याला गिरणीचे चाक फिरवण्याइतका जोर नव्हता. पूर्वेला एक लहान ओढा होता, तो उतारावरून नेपोन्सेट नदीला मिळायचा. उतार भरपूर होता, पाणी मात्र नव्हते. गावाने ठरवले की सामाईक खर्चाने सुमारे चार हजार फूट लांबीचा कालवा खणायचा आणि चार्ल्सचे पाणी त्या ओढ्यात सोडायचे. ते त्यांनी केले. १६४१ मध्ये जॉन एल्डरकिन यांची गिरणी सुरू झाली, आणि तो प्रवाह आजही ‘मदर ब्रुक’ नावाने वाहतो. इंग्रज वसाहतकऱ्यांनी अमेरिकेत खणलेल्या अगदी पहिल्या कालव्यांपैकी हा एक. हा ठराव करणाऱ्या सभेतले बहुतेक पुरुष त्या दिवशी मंडळीचे सभासद नव्हते. इतके मोठे, खर्चाचे, सर्वांच्या शेतीवर परिणाम करणारे काम त्यांनी पाळक नेमला जाण्यापूर्वी अंगावर घेतले, यावरून त्यांची एकी कुठून आली होती हे कळते.

यावर दुसरा आक्षेप असा येईल: ज्या गोष्टीला माणूस सर्वांत जास्त वेळ देतो तीच त्याला सर्वांत मोलाची असते, म्हणून मंडळीला लागलेला विलंब हाच तिच्या प्रथम स्थानाचा पुरावा. मोलाची होती, यात मला तिळमात्र शंका नाही. पण एखादी गोष्ट मोलाची असणे आणि तिच्यावर बाकीचे सगळे उभे असणे, या निराळ्या गोष्टी आहेत. मंडळीवर गाव उभे असते, तर मंडळीविना गावाचे दोन वर्षांत तुकडे व्हायला हवे होते. निदान कसोटीत नापास झालेल्यांनी तरी रागावून गाव सोडायला हवे होते. तसे झाले नाही. किंग्जबरी आणि फिशर गावात राहिले, त्यांची जमीन राहिली, सभेतली त्यांची जागा राहिली. मंडळी इतकी चोखंदळ राहू शकली ती यामुळेच. नापास होण्याने माणसाचे पोट जाणार असते, तर कोणालाही नापास करणे अवघड झाले असते आणि साक्षी खोट्या झाल्या असत्या.

तिसरा आक्षेप मताधिकाराचा. मॅसॅच्युसेट्समध्ये १६३१ पासून वसाहतीच्या निवडणुकीत मत द्यायचे तर मंडळीचे सभासद असणे बंधनकारक होते; मग चर्चच सत्तेचे दार नव्हते का? वसाहतीच्या पातळीवर होते. गावाच्या पातळीवर चित्र बरेच सैल होते, आणि १६४७ मध्ये कायद्यानेच सभासद नसलेल्यांना गावाच्या कामकाजात मत देण्याची वाट खुली केली. जोनाथन फेअरबँक्स यांचे उदाहरण इथे बोलके आहे. यॉर्कशायरहून आलेल्या या गृहस्थांनी १६३७ मध्ये गावाच्या करारावर सही केली. त्यांनी बांधलेले लाकडी घर अजून उभे आहे. तुळयांच्या वर्तुळांवरून त्याचे साल १६४१ च्या सुमाराचे ठरते, आणि उत्तर अमेरिकेत टिकून राहिलेले ते सर्वांत जुने लाकडी चौकटीचे घर मानतात. पण मंडळीत ते आले थेट ऑगस्ट १६४६ मध्ये. सर्वांसमोर विश्वासाची कबुली देण्याबद्दल आणि मंडळीच्या कराराबद्दल त्यांच्या मनात काही शंका होत्या, म्हणून ते इतकी वर्षे बाजूला राहिले; अनेकदा प्रेमाने बोलणी झाल्यावर त्यांनी कबुली दिली आणि सगळ्या मंडळीने आनंदाने त्यांना घेतले, असे नोंदीत आहे. नऊ वर्षे! इतका काळ एक माणूस गावाचा पूर्ण सभासद आणि मंडळीचा कोणीच नाही, अशा स्थितीत सुखाने नांदला. दरम्यान १६४४ च्या पहिल्या दिवशी गावसभेने वर्षाला वीस पौंड कर बसवून शाळा सुरू करण्याचा ठराव केला, आणि तो कर सभासद व बिगरसभासद असा भेद न करता सर्वांवर होता. १६४८ पर्यंत गावातले सुमारे सत्तर टक्के पुरुष मंडळीत आले होते. ते आले धाकाने नव्हे, सवडीने आले, आणि या आकड्याचे श्रेय मी ॲलिन यांच्या उपदेशाइतकेच त्या सवडीलाही देईन.

एका बाबतीत मात्र माझ्या म्हणण्याला मर्यादा घालायला हवी. गावाच्या करारावर सह्या आहेत त्या केवळ पुरुषांच्या. गावसभेत बाईला जागा नव्हती, जमिनीच्या निकषांत ती ‘घरातली माणसे’ या हिशेबात मोजली गेली. मंडळीतही तिला मत नव्हते, पाळक होण्याचा तर प्रश्नच नाही. तरी तिचे सभासदत्व तिचे स्वतःचे असे. नवऱ्याच्या नावावर ते तिला मिळत नसे आणि नवरा बाहेर राहिला म्हणून अडतही नसे. डेडममध्ये पत्नी सभासद आणि पती नाही, अशी घरे होती. अशा घरात मुलांचा बाप्तिस्मा आईच्या सभासदत्वावर होत असे. गावाचा पाया चर्चहून आधीचा होता हे खरे, पण तो पाया अर्ध्या गावाला विचारून घातलेला नव्हता. त्या अर्ध्या गावाचा आवाज, कितीही क्षीण असो, जिथे प्रथम नोंदला गेला ती जागा मंडळीच होती.

डेडमवर सर्वांत नावाजलेला ग्रंथ लिहिणारे इतिहासकार केनेथ लॉकरिज यांनी या गावाला ख्रिस्ती, आदर्शवादी आणि बंदिस्त शेतकरी समाज म्हटले आहे. यातला ‘बंदिस्त’ हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि गावाची खरी किंमतही तिथेच चुकवली गेली. ‘विरुद्ध मताचे दूर ठेवावेत’ हे दुसरे कलम आतल्यांसाठी शांततेचे होते, बाहेरच्यांसाठी बंद दाराचे. आणि बाहेरचे कोण, हे ठरवताना धर्मापेक्षा जमीन वरचढ ठरली. हा मुलूख मॅसॅच्युसेट लोकांचा. १६१६ ते १६१९ च्या साथीने आणि १६३३ च्या देवीने ते इतके खचले होते की गोऱ्यांना रान मोकळे भासले. १६५१ मध्ये पाळक जॉन एलियट यांच्या उपदेशाने ख्रिस्ती झालेल्या मूळ रहिवाशांनी डेडमच्या हद्दीलगत नॅटिक हे आपले गाव वसवले. डेडमने त्यासाठी दोन हजार एकर सोडली. मग सीमेवरून तंटा लागला आणि वर्षानुवर्षे चालला. हे प्रतिपक्षी त्याच देवाची, त्याच पद्धतीने प्रार्थना करणारे होते. विश्वासाच्या एकीवर डेडम उभे असते, तर प्रेमाने मध्यस्थ नेमण्याचे तिसरे कलम नॅटिकलाही लागू व्हायला काय हरकत होती? ते लागू झाले नाही, कारण नॅटिकने करारावर सही केलेली नव्हती. डेडम कोर्टात गेले. कोर्टाने जमीन नॅटिककडेच राहू दिली आणि १६६३ मध्ये डेडमला भरपाई म्हणून दुसरीकडे आठ हजार एकर देऊ केली. ती जमीन निघाली पश्चिमेला कनेक्टिकट खोऱ्यात, पोकमटक लोकांच्या मुलखात; तिथे पुढे डियरफील्ड वसले.

नॅटिक आणि डियरफील्ड या दोन्ही गावांचा क्रम डेडमसारखाच आहे, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. नॅटिकच्या लोकांनी १६५१ मध्ये चार्ल्स नदीवर पादचारी पूल बांधला, घरे आणि मळे आखले, दहा, पन्नास आणि शंभर माणसांवर प्रमुख नेमून कारभार सुरू केला. त्यांच्या विश्वासाच्या साक्षी इंग्रज पाळकांनी पुन्हा पुन्हा ऐकल्या, पुन्हा पुन्हा तहकूब केल्या, आणि मंडळी स्थापन व्हायला १६६० साल उजाडले. डेडमला दोन वर्षे, नॅटिकला नऊ. या फरकात निव्वळ निगुती नव्हती, अविश्वासही होता. डियरफील्डला तर लोक १६७० च्या आसपास राहायला गेले, तिथे उपदेश होत होता, पण रीतसर मंडळी १६८८ मध्ये झाली. मधल्या काळात मूळ रहिवासी आणि इंग्रज वसाहती यांच्यात मेटाकॉमचे युद्ध झाले. १८ सप्टेंबर १६७५ रोजी धान्याच्या गाड्या घेऊन चाललेल्या तांड्यावर डियरफील्डजवळच्या ओढ्याकाठी हल्ला झाला. मेलेल्यांत रॉबर्ट हिन्सडेल आणि त्यांचे तीन मुलगे होते. डेडमची मंडळी स्थापन करणाऱ्या आठांपैकी एक, नॅटिकच्या बदल्यात मिळालेल्या जमिनीवर मारला गेला. त्याच शरदात नॅटिकच्या ख्रिस्ती रहिवाशांना संशयावरून बॉस्टनच्या बंदरातल्या डियर बेटावर नेऊन ठेवले, आणि थंडीत व उपासमारीत त्यांच्यातले पुष्कळ जण तिथेच मेले. करारात नसलेल्यांच्या वाट्याला काय येऊ शकते, याचा हा पुरावा आहे, आणि डेडमच्या शांततेचे कौतुक करताना तो बाजूला ठेवणे मला मान्य नाही.

मंडळीची स्वतःची वाटचालही पुढे सोपी राहिली नाही. दुसऱ्या पिढीतल्या अनेकांना कृपेची साक्ष देता येईना. १६६२ च्या धर्मसभेने तोड काढली की अशांच्याही मुलांना बाप्तिस्मा द्यावा. ॲलिन या तोडग्याच्या बाजूने होते, त्यांनी त्याच्या समर्थनार्थ लिहिलेही; पण त्यांच्याच मंडळीने तो नाकारला. १६७१ मध्ये ॲलिन वारले, आणि डेडमला नवा पाळक मिळायला १६७३ चा डिसेंबर आला. दोन वर्षे व्यासपीठ रिकामे. त्या काळातही जमीन मोजली गेली, कर गोळा झाला, गावाचे पंच निवडले गेले.

आणि मग दीडशे वर्षांनी, गाव आधी की मंडळी, हाच प्रश्न कोर्टापुढे उभा राहिला. १८१८ मध्ये डेडमच्या पॅरिशने, म्हणजे चर्चसाठी कर भरणाऱ्या सर्व रहिवाशांनी, उदारमतवादी ॲल्व्हन लॅम्सन यांना पाळक म्हणून बोलावले. मंडळीच्या सभासदांपैकी बहुसंख्यांचा त्याला विरोध होता. ते बाहेर पडले, आणि दप्तर व ठेवींचे कागद आपल्याकडे ठेवले. हा सनातनी विरुद्ध उदार असा झगडा तेव्हा सगळ्या मॅसॅच्युसेट्समध्ये पेटला होता. त्यातल्या सनातनी पक्षाच्याच उत्साहातून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशन संस्था निघाली होती. तिचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. म्हणून अहमदनगर परिसरातल्या जुन्या मंडळ्यांचा धागा न्यू इंग्लंडच्या या सनातनी पक्षापर्यंत मागे नेता येतो. डेडमचा खटला ‘बेकर विरुद्ध फेल्स’ या नावाने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८२० च्या त्या निकालात सरन्यायाधीश आयझॅक पार्कर यांनी सांगितले की सतराव्या शतकात गावाने चर्चला दिलेल्या जमिनी प्रत्यक्षात सगळ्या गावाच्या उपासनेसाठी दिलेल्या होत्या. पॅरिशपासून तुटलेल्या मंडळीला त्यांच्यावर हक्क सांगता येणार नाही.

सनातनी पक्षाने हा इतिहासाचा विपर्यास आहे असे म्हटले, आणि त्यांचे अर्धे म्हणणे मला पटते. विश्वासाची साक्ष न दिलेल्यांनी पाळक निवडावा, हे १६३८ च्या आठ जणांना स्वप्नातही सहन झाले नसते. पण जमिनीबाबत न्यायालय चुकले नाही. दोनशे चौरस मैलांतली ती जमीन मंडळीला देणारी, सभागृहाच्या तुळया चढवणारी, कालवा खणणारी गावसभा मंडळीहून आधीची होती, आणि तिने पाळक निवडण्याचा मान आठ जणांना दिला तरी जमिनीचा ताबा कधी सोडला नव्हता. बाहेर पडलेल्यांनी मैदानापलीकडे आपले वेगळे चर्च बांधले. पुढे त्याला जॉन ॲलिन यांचेच नाव मिळाले. १८३३ मध्ये मॅसॅच्युसेट्सने घटनादुरुस्ती करून चर्चसाठी कर भरण्याची सक्तीच काढून टाकली, आणि तेव्हापासून डेडममध्ये गाव एकीकडे व मंडळ्या दुसरीकडे, असा कारभार सुरू झाला.